उत्तरभाग व नव्या मालिका (व्हिडिओ गेम कन्सोल उद्योग)

उत्तरभाग व नव्या मालिका यांतील निवड हा व्हिडिओ गेम कन्सोल उद्योगातील एक मूलभूत व्यावसायिक प्रश्न आहे. लोकप्रिय ठरलेल्या गेमचा पुढचा भाग, म्हणजे उत्तरभाग किंवा सिक्वेल, काढावा की नवी पात्रे, नवे विश्व आणि नवी खेळपद्धती असलेली मालिका सुरू करावी, हा निर्णय प्रत्येक गेम प्रकाशकाला घ्यावा लागतो. निन्टेन्डो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या कन्सोल निर्मात्यांच्या बाबतीत मात्र या निर्णयाचे परिणाम अधिक दूरवर जातात. त्यांनी काढलेल्या गेमवर त्या गेमचे उत्पन्न तर अवलंबून असतेच, शिवाय ग्राहक त्यांचा कन्सोल विकत घेईल की नाही, हेही बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

उत्तरभागाला तयार ग्राहकवर्ग असतो, त्यामुळे त्यातील आर्थिक जोखीम तुलनेने कमी असते. परंतु आज खात्रीची समजली जाणारी प्रत्येक मालिका कधीतरी नवी आणि बेभरवशाची होती. कन्सोल निर्मात्यांच्या इतिहासात नव्या मालिका प्रामुख्याने तीन परिस्थितींत जन्माला आलेल्या दिसतात : कंपनी बाजारात नवी असताना, प्रतिस्पर्ध्यांच्या मागे पडलेली असताना, किंवा जुन्या कन्सोलचा ग्राहकवर्ग मोठा झालेला असताना. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून निर्मितीचा खर्च आणि कालावधी वाढत गेल्याने नवी मालिका सुरू करण्याच्या संधी कमी झाल्या आहेत.

संज्ञा

चित्रपटाच्या उत्तरभागात सहसा आधीची कथा पुढे नेली जाते. व्हिडिओ गेमच्या उत्तरभागात कथेचा असा संबंध असेलच असे नाही. फायनल फँटसी या जपानी मालिकेतील क्रमांकित गेमची विश्वे आणि पात्रे बहुतांशी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, तर ग्रॅन टुरिस्मोसारख्या मोटार शर्यतींच्या मालिकेत कथेला फारसे स्थान नाही. अशा मालिकांत नाव, खेळपद्धती आणि त्या नावाकडून खेळाडूंना असलेली अपेक्षा एवढेच पुढे चालू राहते.

नव्या मालिकेसाठी उद्योगात 'नवी बौद्धिक संपदा' किंवा 'न्यू आयपी' ही संज्ञा रूढ आहे. यांखेरीज जुना गेम नव्याने बांधणे (रिमेक), जुन्या गेमचे चित्रण सुधारून तो पुन्हा विकणे (रिमास्टर) आणि जुन्या मालिकेची नव्या स्वरूपात सुरुवात करणे (रीबूट) हे प्रकारही प्रचलित आहेत. व्यावसायिक दृष्टीने हे तिन्ही प्रकार उत्तरभागांच्या जवळचे मानले जातात, कारण त्यांतही परिचित नावाचाच आधार घेतलेला असतो.

कन्सोल व्यवसायाची रचना

कन्सोल हे उपकरण अनेकदा अत्यल्प नफ्यावर किंवा तोट्यात विकले जाते. सोनीचा प्लेस्टेशन ३ हा कन्सोल २००६ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याचा उत्पादनखर्च विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होता. एपिक गेम्स आणि ॲपल यांच्यातील खटल्यात २०२१ मध्ये साक्ष देताना मायक्रोसॉफ्टच्या एका उपाध्यक्षांनी एक्सबॉक्स कन्सोलच्या विक्रीतून कंपनीला कधीही नफा झालेला नाही, असे सांगितले. उत्पन्न मिळते ते प्रामुख्याने गेममधून : स्वतःच्या गेमची विक्री, इतर प्रकाशकांच्या गेमवरील हिस्सा आणि सदस्यत्व शुल्क यांतून. कन्सोलच्या ऑनलाइन दुकानातील विक्रीपैकी साधारणपणे ३० टक्के रक्कम कन्सोल निर्मात्याकडे राहते.

इतर प्रकाशकांचे बहुतेक मोठे गेम एकापेक्षा अधिक कन्सोलवर मिळतात. त्यामुळे एखादा विशिष्ट कन्सोलच घ्यावा यासाठी ग्राहकाला कारण पुरवण्याचे काम निर्मात्याच्या स्वतःच्या गेमवर येते. फक्त एकाच कन्सोलवर मिळणाऱ्या अशा गेमना 'एक्सक्लुझिव्ह' म्हणतात. असा गेम स्वतः फारसा नफा न मिळवताही कन्सोलची विक्री वाढवून कंपनीला लाभ मिळवून देऊ शकतो. यामुळे तत्त्वतः कन्सोल निर्मात्याला नवी मालिका सुरू करण्याची जोखीम इतर प्रकाशकांपेक्षा अधिक सहज पेलता येते. मात्र ज्याच्यावर कन्सोलची विक्री अवलंबून आहे असा गेम अयशस्वी होणे परवडत नाही, त्यामुळे हीच रचना त्याला परिचित नावांकडेही ओढते.

उत्तरभागांकडे असलेला कल

उत्तरभागाचा पहिला लाभ म्हणजे आधीच तयार असलेली ओळख. मायक्रोसॉफ्टच्या हेलो २ ने नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत पहिल्या २४ तासांत १२.५ कोटी डॉलरची विक्री केली, तर सप्टेंबर २००७ मधील हेलो ३ ने तेवढ्याच वेळात १७ कोटी डॉलरची. निन्टेन्डोच्या द लेजंड ऑफ झेल्डा : टिअर्स ऑफ द किंगडम या गेमच्या मे २०२३ मध्ये पहिल्या तीन दिवसांत १ कोटी प्रती विकल्या गेल्या. गेम हाती पडण्यापूर्वीच तो घेण्याचा निर्णय लक्षावधी ग्राहकांनी घेतलेला असल्याशिवाय असे आकडे शक्य होत नाहीत.

दुसरा लाभ तंत्रज्ञानाच्या पुनर्वापराचा आहे. निन्टेन्डोने नोव्हेंबर १९९८ मध्ये द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम प्रकाशित केला. त्याची आज्ञावली आणि पात्रांच्या त्रिमितीय प्रतिकृती पुन्हा वापरल्यामुळे मेजोराज मास्क हा पुढचा गेम एप्रिल २००० मध्ये, म्हणजे दीड वर्षाच्या आत, जपानमध्ये बाजारात आला. पुनर्वापरामुळे वेळ नेहमीच वाचतो असे मात्र नाही. टिअर्स ऑफ द किंगडममध्ये ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) मधील हायरूलचा भूप्रदेश पुन्हा वापरण्यात आला होता, तरीही दोन गेममध्ये सहा वर्षांचे अंतर पडले.

तिसरे कारण नव्या कन्सोलच्या पदार्पणाशी निगडित आहे. पहिल्या दिवशी कन्सोल विकत घेणाऱ्याला त्यावर काय खेळता येईल याची खात्री हवी असते. जून २०२५ मध्ये निन्टेन्डो स्विच २ बाजारात आला तेव्हा निन्टेन्डोचा प्रमुख गेम मारिओ कार्ट वर्ल्ड हा होता. मारिओ कार्ट मालिकेची सुरुवात १९९२ मध्ये झालेली आहे.

निन्टेन्डो

परिचित मालिकांवर सर्वाधिक अवलंबून असलेली कंपनी म्हणून निन्टेन्डोचा उल्लेख केला जातो. तिच्या बहुतेक प्रमुख मालिका मात्र एका छोट्या कालखंडात, कंपनी घरगुती कन्सोलच्या बाजारात नवी असताना सुरू झाल्या. डाँकी काँग हा आर्केड गेम १९८१ मध्ये आला. फॅमिकॉम हा कन्सोल जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये विक्रीस आला. त्यानंतर सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५), द लेजंड ऑफ झेल्डा (१९८६) आणि मेट्रॉइड (१९८६) हे गेम एक वर्षाच्या आत प्रकाशित झाले. सुपर मारिओ ब्रदर्सच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

पोकेमॉन मालिकेचा जन्म वेगळ्या परिस्थितीत झाला. तिचे पहिले दोन गेम फेब्रुवारी १९९६ मध्ये गेम बॉय या हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठी प्रकाशित झाले. त्या वेळी गेम बॉय सात वर्षांचा जुना झालेला होता. परंतु जुना असल्यामुळेच तो असंख्य मुलांकडे होता, आणि दोन गेम बॉय तारेने जोडून पोकेमॉनची देवाणघेवाण करण्याची या गेममधील मध्यवर्ती कल्पना अशा मोठ्या ग्राहकवर्गातच यशस्वी होऊ शकत होती.

स्प्लॅटून (२०१५) ही मालिका कंपनीच्या पडत्या काळातील आहे. वी यू या कन्सोलची एकूण विक्री सुमारे १ कोटी ३५ लाखांवर थांबली, तर त्याआधीच्या वी कन्सोलची विक्री १० कोटींहून अधिक झाली होती. स्प्लॅटूनच्या पहिल्या नमुन्यात टोफूसारखे चौकोनी ठोकळे एकमेकांवर शाई उडवत होते. त्यांच्या जागी पुढे ससे आणि शेवटी स्क्विड हा सागरी जीव निवडण्यात आला. आधी खेळपद्धती ठरवून मग तिला साजेसे पात्र शोधण्याची निन्टेन्डोची रीत या क्रमातून दिसते. पुढे स्प्लॅटून स्वतःच उत्तरभागांची मालिका बनली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्या तिसऱ्या भागाच्या जपानमध्ये तीन दिवसांत ३४.५ लाख प्रती विकल्या गेल्या.

एखादी मालिका निन्टेन्डोच्या मालकीची आहे म्हणून तिचे उत्तरभाग निघतीलच असेही नाही. एफ-झीरो या १९९० मध्ये सुरू झालेल्या शर्यतीच्या मालिकेत २००४ नंतर जवळजवळ दोन दशके नवा गेम आला नाही. २०२३ मध्ये आलेला एफ-झीरो ९९ हा मूळ गेमवरच आधारलेला होता. दुसरीकडे वी यू कन्सोलवर २०१४ मध्ये आलेला मारिओ कार्ट ८ हा गेम २०१७ मध्ये विस्तारित स्वरूपात स्विच कन्सोलवर आला आणि त्याच्या ६ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्याच त्या गेमला मोठा ग्राहकवर्ग मिळाल्याचे हे फळ होते.

सेगा

सेगा या जपानी कंपनीचा अनुभव या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवतो. जून १९९१ मध्ये आलेल्या सॉनिक द हेजहॉग या नव्या मालिकेमुळे सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलला अमेरिकेत निन्टेन्डोशी स्पर्धा करता आली. नोव्हेंबर १९९२ मध्ये आलेला सॉनिक २ हाही अत्यंत यशस्वी ठरला. त्यानंतरच्या सॅटर्न (१९९४) या कन्सोलसाठी सॉनिक एक्स-ट्रीम हा गेम तयार केला जात होता. तो रद्द झाल्याने सॅटर्नला सॉनिकचा नवा मुख्य गेम मिळाला नाही. सॅटर्नच्या अपयशाला चढी किंमत आणि गुंतागुंतीची अंतर्गत रचना हीही कारणे होती, तथापि परिचित नायकाची अनुपस्थिती ठळकपणे जाणवली.

ड्रीमकास्ट (१९९८) या पुढील कन्सोलसाठी सेगाने नेमके उलटे केले. सॉनिक ॲडव्हेंचरसोबत शेनमू, जेट सेट रेडिओ, स्पेस चॅनल ५ यांसारख्या अनेक नव्या मालिका तिने सुरू केल्या. त्यांपैकी काहींची नंतरच्या गेमवरील छाप मान्य करण्यात आली. परंतु ग्राहकसंख्या अपुरी राहिली, आणि प्लेस्टेशन २ च्या आगमनानंतर स्पर्धा कठीण झाली. जानेवारी २००१ मध्ये सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि ती इतरांच्या कन्सोलसाठी गेम बनवणारी कंपनी झाली. गेमची नवता आणि गुणवत्ता एकट्याने कन्सोल तारू शकत नाही, याचे उदाहरण म्हणून ड्रीमकास्टचा उल्लेख केला जातो.

सोनी

डिसेंबर १९९४ मध्ये प्लेस्टेशन जपानमध्ये आला तेव्हा सोनीकडे मारिओ किंवा सॉनिक यांच्या तोडीचे स्वतःचे पात्र नव्हते. तिने इतर प्रकाशकांच्या गेमवर भिस्त ठेवली. क्रॅश बँडिकूट (१९९६) हे पात्र अनेक वर्षे प्लेस्टेशनची ओळख होते. तो गेम नॉटी डॉग या स्टुडिओने घडवला आणि सोनीने प्रकाशित केला होता, परंतु त्याचे हक्क युनिव्हर्सलकडे होते. २००२ पासून क्रॅशचे गेम इतर कन्सोलसाठीही येऊ लागले. हे हक्क पुढे ॲक्टिव्हिजनकडे गेले, आणि २०२३ मध्ये ती कंपनी मायक्रोसॉफ्टने विकत घेतल्याने प्लेस्टेशनचा एकेकाळचा चेहरा प्रतिस्पर्धी कन्सोल निर्मात्याच्या मालकीचा झाला.

सोनीने २००१ मध्ये नॉटी डॉग विकत घेतला. या स्टुडिओने त्यानंतरच्या दोन कन्सोलवर जुनी मालिका मागे ठेवून नवी सुरू केली : प्लेस्टेशन २ वर जॅक अँड डॅक्स्टर (२००१), प्लेस्टेशन ३ वर अनचार्टेड (२००७). सोनीच्या इतर स्टुडिओंनीही हाच मार्ग धरला. गुरिल्ला या डच स्टुडिओने किलझोन ही युद्धपटांच्या धर्तीची मालिका दीर्घकाळ चालवल्यावर होरायझन झीरो डॉन (२०१७) हा अगदी वेगळ्या प्रकृतीचा गेम केला. सकर पंच या अमेरिकी स्टुडिओने स्लाय कूपर आणि इन्फेमस यांच्यानंतर घोस्ट ऑफ त्सुशिमा (२०२०) हा मध्ययुगीन जपानमध्ये घडणारा गेम तयार केला.

सोनीच्या नव्या मालिका अनेकदा कन्सोलच्या उतारवयात आल्या आहेत. द लास्ट ऑफ अस जून २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला, आणि प्लेस्टेशन ४ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. घोस्ट ऑफ त्सुशिमा जुलै २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला, आणि प्लेस्टेशन ५ चार महिन्यांनी. अशा वेळी कन्सोल कोट्यवधी घरांत पोहोचलेला असतो, त्याच्या तंत्रज्ञानावर स्टुडिओचा हात बसलेला असतो, आणि कन्सोल विकण्याचा भार त्या एका गेमवर नसतो.

नव्या मालिकेचे मोल ओळखण्यात चूक झाल्याचे उदाहरणही सोनीच्याच इतिहासात आहे. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी स्टुडिओने घडवलेला डीमन्स सोल्स हा गेम सोनीने फेब्रुवारी २००९ मध्ये जपानमध्ये प्रकाशित केला. तो अतिशय कठीण होता, आणि पाश्चात्त्य देशांत तो स्वतः प्रकाशित न करण्याचा निर्णय सोनीने घेतला. उत्तर अमेरिकेत ॲटलस आणि युरोपात नामको बंदाई यांनी तो प्रकाशित केल्यावर त्याला मोठा चाहतावर्ग मिळाला. स्टुडिओचा पुढचा गेम, डार्क सोल्स (२०११), नामको बंदाईबरोबर निघाला आणि त्याच परंपरेतील एल्डन रिंगच्या (२०२२) २ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. सोनीचे वरिष्ठ अधिकारी शुहेई योशिदा यांनी पाश्चात्त्य देशांबाबतचा तो निर्णय चुकीचा असल्याचे नंतर जाहीरपणे मान्य केले. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ च्या पदार्पणासाठी सोनीने ज्या गेमची निवड केली, त्यांत याच डीमन्स सोल्सची पुनर्निर्मिती होती.

मायक्रोसॉफ्ट

नोव्हेंबर २००१ मध्ये एक्सबॉक्सबरोबर आलेला हेलो : कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड हा बंजी या स्टुडिओचा गेम होता. १९९९ मध्ये तो प्रथम ॲपलच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात दाखवण्यात आला होता. पुढील वर्षी मायक्रोसॉफ्टने बंजी विकत घेतला. २००७ मध्ये बंजी पुन्हा स्वतंत्र झाला, परंतु हेलोचे हक्क मायक्रोसॉफ्टकडे राहिले, आणि मालिका पुढे चालवण्यासाठी कंपनीने ३४३ इंडस्ट्रीज हा नवा स्टुडिओ स्थापन केला. गिअर्स ऑफ वॉरच्या (२००६) बाबतीतही असेच घडले. मूळ निर्माता एपिक गेम्स याच्याकडून मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये त्या मालिकेचे हक्क घेतले. मालिका तिच्या निर्मात्यांपेक्षा दीर्घायुषी ठरू शकते, असे या दोन्ही उदाहरणांतून दिसते.

एकाच मालिकेवर विसंबण्यातील धोका २०२० मध्ये दिसून आला. हेलो इन्फिनिट हा गेम एक्सबॉक्स सिरीज एक्सबरोबर येणार होता. जुलैमध्ये दाखवलेल्या चित्रणावर टीका झाल्यानंतर तो लांबणीवर टाकण्यात आला आणि डिसेंबर २०२१ मध्ये प्रकाशित झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये नवा कन्सोल हेलोविनाच बाजारात आला, आणि त्याची जागा घेऊ शकेल असा दुसरा मोठा नवा गेम मायक्रोसॉफ्टजवळ नव्हता.

मायक्रोसॉफ्टने यावर उपाय म्हणून तयार मालिका विकत घेण्याचा मार्ग अवलंबला. २०१४ मध्ये माइनक्राफ्टची निर्माती मोयांग ही कंपनी २.५ अब्ज डॉलरना, २०२१ मध्ये बेथेस्डाची पालक कंपनी झेनीमॅक्स ७.५ अब्ज डॉलरना आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६८.७ अब्ज डॉलरना घेण्यात आली. शेवटच्या व्यवहाराच्या चौकशीत कॉल ऑफ ड्युटी ही जवळपास दरवर्षी नवा भाग येणारी मालिका प्लेस्टेशनवर मिळत राहील काय, हा नियामकांपुढील प्रमुख प्रश्नांपैकी एक होता. जुलै २०२३ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी याविषयी दहा वर्षांचा करार केला.

सदस्यत्वावर चालणाऱ्या गेम पास (२०१७) या सेवेमुळे नव्या मालिकांना वाव मिळेल, अशी अपेक्षा होती, कारण अनोळखी गेम वापरून पाहण्यासाठी सदस्याला वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या टँगो गेमवर्क्सच्या हाय-फाय रश या नव्या गेमची समीक्षकांनी प्रशंसा केली. तरीही मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करण्याची घोषणा केली. ऑगस्टमध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीने स्टुडिओ आणि गेमचे हक्क दोन्ही घेतले. जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेअर या ब्रिटिश स्टुडिओचा एव्हरवाइल्ड हा नवा गेम आणि परफेक्ट डार्क या जुन्या मालिकेचा नवा गेम असे दोन्ही प्रकल्प एकाच वेळी रद्द केले.

निर्मितीखर्च आणि कालावधी

निर्मितीचा वाढता खर्च हे जोखीम टाळण्यामागील सर्वांत महत्त्वाचे कारण मानले जाते. ॲक्टिव्हिजनच्या खरेदीविरुद्ध अमेरिकेत जून २०२३ मध्ये झालेल्या सुनावणीत सोनीची काही कागदपत्रे सादर झाली. त्यांतील झाकलेला मजकूर वाचता येत असल्याने द लास्ट ऑफ अस : भाग २ (२०२०) साठी सुमारे २२ कोटी डॉलर आणि होरायझन फॉरबिडन वेस्ट (२०२२) साठी २१.२ कोटी डॉलर खर्च आल्याचे उघड झाले. हे दोन्ही गेम उत्तरभाग आहेत.

पैशाइतकीच वेळेचीही अडचण आहे. नॉटी डॉगने पहिल्या प्लेस्टेशनवर १९९६ ते १९९९ या चार वर्षांत क्रॅशचे चार गेम दिले. प्लेस्टेशन ३ वर २००७ ते २०१३ या काळात त्याचे चार मोठे गेम आले, ज्यांत दोन नव्या मालिकांची सुरुवात होती. प्लेस्टेशन ५ वर मात्र २०२५ अखेरपर्यंत या स्टुडिओच्या जुन्या गेमच्या सुधारित आवृत्त्या आणि एक पुनर्निर्मिती एवढेच आले. इंटरगॅलॅक्टिक : द हेरेटिक प्रॉफेट या त्याच्या नव्या मालिकेची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झाली. एका कन्सोलच्या आयुष्यात चार गेम करता येत असतील, तर त्यांतील एक फसला तरी स्टुडिओ सावरू शकतो. एकच करता येत असेल, तर नवी कल्पना आणि उत्तरभाग यांतून एकाचीच निवड करावी लागते आणि ती चुकवून चालत नाही.

नव्या मालिकेच्या अपयशाचे तीव्र उदाहरण म्हणजे कॉनकॉर्ड. फायरवॉक या सोनीच्या स्टुडिओने घडवलेला हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम २३ ऑगस्ट २०२४ रोजी प्रकाशित झाला. खेळाडूंची संख्या अत्यल्प राहिल्याने ६ सप्टेंबर रोजी तो बंद करून ग्राहकांना पैसे परत देण्यात आले, आणि ऑक्टोबर अखेरीस स्टुडिओही बंद करण्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोनीनेच प्रकाशित केलेल्या हेलडायव्हर्स २ या ऑनलाइन गेमच्या १२ आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. हेलडायव्हर्स २ हा नावाने उत्तरभाग आहे.

सीमारेषेवरील उदाहरणे

उत्तरभाग आणि नवी मालिका यांतील भेद नेहमीच स्पष्ट नसतो. हेलडायव्हर्सचा २०१५ मधील पहिला भाग वरून दिसणाऱ्या दृश्याचा, तुलनेने लहान गेम होता. दुसऱ्या भागात खेळाडू पात्राच्या पाठीमागून दृश्य पाहतो, आणि बहुतेक खेळाडूंना पहिला भाग माहीतही नव्हता. गॉड ऑफ वॉर (२०१८) मध्ये क्रेटोस हा जुनाच नायक आहे, परंतु ग्रीक पुराणकथांऐवजी नॉर्स पुराणकथांची पार्श्वभूमी, नायकासोबत असलेला त्याचा मुलगा आणि बदललेली युद्धपद्धती यांमुळे तो बऱ्याच अंशी नवा गेम ठरतो.

याचे सर्वांत जुने आणि परिचित उदाहरण सुपर मारिओ ब्रदर्स २ हे आहे. १९८६ मध्ये जपानमध्ये आलेला मूळ उत्तरभाग अमेरिकी खेळाडूंसाठी फार कठीण आणि पहिल्या भागासारखाच असल्याचे निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेचे मत होते. म्हणून युमे कोजो : डोकी डोकी पॅनिक (१९८७) या मारिओशी संबंध नसलेल्या जपानी गेममधील पात्रे बदलून त्यांच्या जागी मारिओ आणि त्याचे सहकारी घालण्यात आले. १९८८ मध्ये तो गेम अमेरिकेत सुपर मारिओ ब्रदर्स २ म्हणून प्रकाशित झाला. एका नव्या कल्पनेला जुन्या नावाच्या आधाराने अशा प्रकारे मोठा ग्राहकवर्ग मिळाला. त्या गेममधील शाय गाय आणि बॉब-ऑम्ब ही पात्रे पुढे मारिओ मालिकेचा कायमचा भाग बनली.

भारतातील संदर्भ

जुन्या मालिका पुढे नेण्याच्या कामात भारतीय स्टुडिओंचाही सहभाग राहिला आहे. युबीसॉफ्ट या फ्रेंच प्रकाशकाच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम (२००३) या गेमच्या पुनर्निर्मितीचे काम होते. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची घोषणा झाली, आणि मे २०२२ मध्ये हे काम मूळ गेम जेथे तयार झाला होता त्या माँट्रियल येथील स्टुडिओकडे देण्यात आले.

नवी मालिका उभी करण्याचे उदाहरणही पुण्यातील आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा राजी : ॲन एन्शंट एपिक हा भारतीय पुराणकथांवर आधारित गेम आहे. २०१७ मध्ये त्यासाठी लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न यशस्वी झाला नव्हता. पुढे प्रकाशक मिळाल्यावर ऑगस्ट २०२० मध्ये तो प्रथम निन्टेन्डो स्विचवर आणि त्यानंतर इतर कन्सोलवर आला. नंतर त्याच्या राजी : कलियुग या उत्तरभागाची घोषणा झाली. सोनीने २०२३ मध्ये इंडिया हीरो प्रोजेक्ट हा भारतीय विकसकांच्या नव्या गेमना साहाय्य देणारा उपक्रम जाहीर केला.

टीका आणि समर्थन

उत्तरभागांवरील प्रमुख आक्षेप तोचतोपणाचा आहे. सतत नवे भाग काढल्याने मालिकेचे नुकसान झाल्याची उदाहरणे इतर प्रकाशकांच्या बाबतीत विशेष आढळतात. २००५ मध्ये सुरू झालेल्या गिटार हीरो या संगीतप्रधान मालिकेचे अल्पावधीत अनेक भाग निघाले, बाजार भरून गेला, आणि २०११ मध्ये ॲक्टिव्हिजनने त्या मालिकेचे काम थांबवले. ॲसॅसिन्स क्रीडचे मुख्य भाग २००९ पासून दरवर्षी येत होते. २०१४ मधील भागातील तांत्रिक दोषांवर मोठी टीका झाल्यानंतर युबीसॉफ्टने २०१६ मध्ये एक वर्ष थांबून मालिकेचे स्वरूप बदलले.

उत्तरभागांच्या समर्थनार्थ असे मांडले जाते, की व्हिडिओ गेम हे तंत्रज्ञानावर आधारलेले माध्यम असल्याने दुसरा प्रयत्न बहुधा पहिल्यापेक्षा सरस होतो. पहिल्या गेममध्ये अपुऱ्या राहिलेल्या कल्पना दुसऱ्यात पूर्णत्वास नेता येतात. २००९ मधील अनचार्टेड २ ला पहिल्या भागापेक्षा कितीतरी अधिक प्रशंसा मिळाली. शिवाय उत्तरभागांच्या खात्रीच्या उत्पन्नातूनच नव्या प्रयोगांचा खर्च भागवला जातो.

हे समर्थन त्या उत्पन्नाचा काही हिस्सा खरोखर नव्या मालिकांकडे जातो या गृहीतकावर आधारलेले आहे. १९८५ ते १९९६ या काळात निर्माण झालेल्या मारिओ, झेल्डा आणि पोकेमॉन या मालिकांवर निन्टेन्डो आजही उभी आहे. सोनीचा सध्याचा व्यवसाय २००५ ते २०२० या काळात सुरू झालेल्या मालिकांवर चालतो. मायक्रोसॉफ्टने २००१ च्या हेलोचा पहिला भाग पुन्हा नव्याने बांधून २०२६ मध्ये प्लेस्टेशनवरही आणण्याची घोषणा ऑक्टोबर २०२५ मध्ये केली. ज्या मालिकेसाठी एकेकाळी एक्सबॉक्स विकत घेतला जाई, तीच अशा रीतीने प्रतिस्पर्ध्याच्या कन्सोलकडे निघाली. पुढील पिढीच्या कन्सोलवर ज्यांचे उत्तरभाग काढता येतील अशा मालिका आज किती प्रमाणात सुरू केल्या जात आहेत, हा या चर्चेतील मुख्य मुद्दा राहिला आहे.